खांद्याचं माप

॥ जय सेवालाल ॥

केळापूरजवळचा तांडा,
१३ जुलै २०२५

ती. लालीआत्यास,
जयाचा सा. न. वि. वि.

सोबतच्या कागदावर तांड्यातल्या सहा बायकांची मापं आहेत. सगळी मी स्वतः टेप धरून घेतली. रुपीबाई टेप लावला की श्वास ओढून पोट आत घेते आणि मग ब्लाउज आवळला म्हणून तुला शिव्या घालते. म्हणून तिला आधी तीजेचं गाणं म्हणायला लावलं आणि गाता गाता माप काढलं. ही युक्ती मी चौथीत असताना तूच शिकवलीस. कापड इंद्रजीतभाऊ गुरुवारी पांढरकवड्याहून एसटीच्या कंडक्टरजवळ देईल. लोहाऱ्याला उतरवून घे.

सातवं माप माझं आहे. या तीजेला मला खरी फेटिया-कांचळी हवी, घेराचा घागरा आणि आरशांची चोळी, जुन्या बायका घालतात तशी. तुझ्या वहीतलं दिवाळीचं माप खोडून टाक. नवं माप असं : छाती ३८, कंबर ३४, दंड १२, खांदा १५. हसू नकोस. मी बारीक होते आहे.

फेब्रुवारीतल्या लग्नात मी नाचले होते, तू टाळ्या वाजवत होतीस. इंद्रजीतभाऊने त्याचा व्हिडिओ टाकला होता, माझी बहीण असं लिहून. कोणीतरी तो उचलला आणि त्याला ट्रकचा हॉर्न जोडला. मी पाय आपटला की हॉर्न वाजतो. शाळा सुरू झाल्यापासून मी वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून तोच हॉर्न वाजतो. व्हिडिओखाली दोनशे चौदा कमेंट आहेत. मला सगळ्या पाठ आहेत. भाऊला काढून टाक म्हटलं, तर तो म्हणाला की लोक हसून राह्यले तर हसू दे ना वो, अकरा हजार लोकायनं पाह्यलं, गंमत हाये का?

माझं माप याडीला सांगू नकोस, माझी आई असली तरी तिच्या पोटात काही राहत नाही. तुझा फोन आला की ती स्पीकर लावून अख्ख्या ओसरीला ऐकवते, म्हणून हे कागदावर.

मशीनवर मान मोडून घेऊ नकोस. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
जया

---

लोहारा, यवतमाळ,
१८ जुलै २०२५

चि. जयास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

कापड पोचलं. कंडक्टरने गाठोड्यावर बसून प्रवास केला असावा, इस्त्री करता करता कंपनीतल्या बायका वैतागल्या. रुपीबाईला सांग की या वेळी ब्लाउज आवळला तर दोष तिच्या गळ्याचा.

तुझं माप पाहून मी वही बंद केली, पुन्हा उघडली. दिवाळीत कंबर बेचाळीस होती बाई! आठ इंच! शाब्बास माझ्या वाघिणी. शेजारच्या मशीनवरच्या राखीलाही दाखवलं, नाव झाकून. मी म्हटलं, माझ्या भाचीच्या मापात आजवर अर्ध्या सुताची चूक निघालेली नाही, ती म्हणते चौतीस तर चौतीस. आता तुझ्यासाठी घेर मोठा घेते, चाळीस आरसे लावते. तीजेला विहिरीवर तूच उठून दिसली पाहिजेस.

त्या व्हिडिओचं वाचून मात्र जीव जळला. तुझ्या वयात मीही अशीच भरलेली होते. शाळेतल्या पोरी मला ढोल म्हणायच्या. पण त्यांचं तोंड शाळा सुटेपर्यंतच चालायचं, त्या माझ्यामागे घरापर्यंत येत नव्हत्या. तुझ्या त्या दोनशे चौदा जणांना तू उशाशी घेऊन झोपतेस. नको वाचूस गं. इंद्रजीतचे कान मी आले की पिळते.

माप तुझ्या-माझ्यात राहील. माझ्या मशीनची शपथ. पण काय खाऊन बारीक झालीस ते लिही, मलाही गुडघ्यांसाठी हवं आहे.

अभ्यासात मन आणि आत्यात जीव, दोन्ही ठेव.

तुझी,
लालीआत्या

---

तांडा,
२७ जुलै २०२५

ती. लालीआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं 'शाब्बास' मी सतरा वेळा वाचलं. दहावीत पहिली आले असते तरी तू एवढं म्हटलं नसतंस.

म्हणून आता तुलाच सगळं सांगते. माझं ऑनलाइन एक दुसरं अकाउंट आहे. नाव दुसरं, चेहरा माझाच, पण फोन तो निमुळता करतो. बोटाने ओढलं की कंबरही आत जाते. तिथे नऊशे लोक मला ओळखतात आणि एकानेही अजून हॉर्न वाजवलेला नाही. तिथूनच मला एका ग्रुपमध्ये घेतलं. सत्तावीस मुली आहेत. एक ताई आहे, तिला कोणी पाहिलेलं नाही, पण ती रोज सकाळी विचारते की काल काय काय खाल्लं नाहीस. जी कमीत कमी खाते तिचं नाव सगळ्यात वर. मी तीन दिवस वर होते.

घरात त्रास नाही. मी याडीला सांगितलं की दहावीसाठी तीजेपर्यंत नेम धरला आहे, एकच वेळ जेवणार. ती इतकी खूश झाली की तिने तांडाभर सांगितलं. परवा तांड्याच्या नायकाच्या घरी सगळ्यांसमोर माझं नाव निघालं, नायक म्हणाले की आताच्या पोरी मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात, अन् प्रेमसिंगची पोरगी पाहा कशी नेमाची हाये. बा घरी येईपर्यंत मिशीला हात लावत होते. आत्या, माझ्या नावाने बांनी मिशीला हात लावल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. तीजेचे नऊ दिवस मी निरंकार धरणार आहे. लिंबूपाणी फक्त.

तीजेच्या शेवटच्या दिवशी मी त्या अकाउंटवरून लाईव्ह येणार, फिल्टर न लावता, तुझ्या ड्रेसमध्ये. ताईला शब्द दिला आहे. म्हणून माप बदल : छाती ३६, कंबर ३१, दंड ११, खांदा १४.

ड्रेस तेरा तारखेपर्यंत पाठवच.

तुझी,
जया

---

लोहारा,
१ ऑगस्ट २०२५

चि. जयास,
आशीर्वाद आहेतच, पण आज गोड लिहिणार नाही.

तुझं पत्र कालच मिळालं. कापड टेबलावर पसरलं, खडूने खुणा केल्या, कात्री उचलली आणि खांद्यापाशी थांबले. दिवाळीत तुझा खांदा साडेसोळा होता. तेरा तारखेला तू पंधरा लिहिलास, सत्तावीसला चौदा.

जया, मी वीस वर्षं माणसं मोजते आहे. पोट उतरतं, दंड उतरतो, बाळंतपणानंतर छाती उतरते. खांदा उतरत नाही. तिथे हाड असतं. कोणी कितीही उपाशी राहिलं तरी हाड बारीक होत नाही. पहिल्याच पत्रात हे माझ्या डोळ्यांत खुपायला हवं होतं. मी कंबर वाचून नाचत सुटले आणि खांद्याकडे पाहिलंच नाही. ही चूक माझी आहे.

तेव्हा ही मापं तुझी नाहीत. कोणाची आहेत ते मला सांग. आणि दुसरं, हे नेमाचं काय लावलं आहेस? देवाच्या नावावर त्या न पाहिलेल्या बाईचा उपास करतेस? तीजेला आपण आळणी खातो, पण खातो. ढमोळीचा चुरमा हातावर घेऊन मुली एकमेकींना भरवतात. निरंकार कोणी धरायला सांगितला?

उलट टपाली खरं लिही. दिवसात काय खातेस, चक्कर येते का, पाळी आली का. कात्री मी खाली ठेवली आहे. तुझं खरं माप आल्याशिवाय ती उचलणार नाही.

रागावले तरी तुझीच,
लालीआत्या

---

तांडा,
५ ऑगस्ट २०२५

ती. लालीआत्यास,
नमस्कार.

मापं फोटोतल्या मुलीची आहेत. फोन भिंतीला टेकवला, दाराच्या चौकटीवरून अंदाज काढला. अंदाज बरा काढला होता ना? तूच शिकवलंस.

खरं हवं आहे तर घे. सकाळी लिंबूपाणी. दुपारी याडी एक ज्वारीची भाकर देते, ती मी गोऱ्ह्याला घालते. संध्याकाळी कधी अर्धी काकडी. चक्कर येते. पाळी जूनपासून आली नाही. एवढं करून कंबर बेचाळीसची एक्केचाळीस झाली आहे. एक इंच! मी महिनाभर उपाशी आहे आणि देवाने मला एक इंच दिला. आता कळलं खोटं का लिहिलं? तू चौतीस वाचून शाब्बास म्हणालीस. एक्केचाळीसला म्हटलं असतंस?

कालही शाळेत हॉर्न वाजला. सर फळ्याकडे तोंड करून हसले, मी त्यांची पाठ हलताना पाहिली.

तू शपथ घेतली आहेस. बांना यातलं एक अक्षर कळलं तर मी तुला पुन्हा पत्र लिहिणार नाही, आणि तांड्यात तोंड दाखवणार नाही. नायकासमोर माझं नाव झालं आहे. आता नेम मोडला तर बा कुठे पाहतील? आता तीजेचे नऊ दिवसच राहिले आहेत समज. मी करून दाखवीन.

ड्रेस एकतिसाचाच शिव. मी त्यात मावेन.

जया

---

लोहारा,
९ ऑगस्ट २०२५

ती. प्रेमसिंगदादास,
लालीचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू माझं अर्धं ऐकून हसलास आणि फोन मानीवहिनीकडे दिलास. वहिनीने स्पीकर लावला, मागे जयाचा आवाज आला, आणि मी रुपीबाईच्या ब्लाउजचं विचारून फोन ठेवला. म्हणून लिहिते. हे पत्र एकट्याने वाच. मी शपथ मोडते आहे, ते पाप माझ्या डोक्यावर.

दादा, जयाचा नेम नेम नाही. तिला फोनवर कोणी एक बाई उपाशी राहायला शिकवते. तुझी पोरगी भाकर गोऱ्ह्याला घालते. महिनाभर तिच्या पोटात लिंबूपाण्याशिवाय काही नाही, आज तीज बसली, आजपासून तेही मोजून. शाळेत तिच्या अंगावरून पोरं हॉर्न वाजवतात, आणि तो व्हिडिओ आपल्याच इंद्रजीतने टाकलेला आहे. तुम्ही सगळे तिला नेमाची म्हणून डोक्यावर घेता आणि ती त्या शाबासकीसाठी आणखी एक दिवस उपाशी राहते. मीही हेच केलं, म्हणून मला कळतं.

तिला ओरडू नकोस. फोन हिसकावू नकोस, जवळ बसवून खाऊ घाल. पाळी बंद आहे, ते वहिनीला सांग. पांढरकवड्याच्या डॉक्टरला दाखवा. मी आजच निघाले असते, पण मोठी ऑर्डर आहे, उद्याचा रविवारसुद्धा कंपनीने चालू ठेवला आहे. शुक्रवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी, पहिल्या गाडीने येते. तोपर्यंत तिला विहिरीवर घागर उचलू देऊ नकोस. एवढं तरी कर.

लहान बहिणीचं एकदा ऐक,
लाली

---

तांडा,
१२ ऑगस्ट २०२५

सौ. लालीस,
प्रेमसिंगचा आशीर्वाद.

तुह्यं पत्र काल भेटलं. वाचून डोकं गरम झालं, म्हणून रात जाऊ देली अन् आता लिहून राह्यलो.

तुले शहरात राहून राहून सगळीकडे बिमारीच दिसते. आपल्या मायनं कितीक उपास केले, तिले कोणं दवाखान्यात नेलं? पोरगी देवाचं करून राह्यली तर आपण कायले आडवं यावं? साऱ्या पोरीयच्या टोपल्याईत जयाच्या टोपलीत पेरलेल्या गव्हाची तीज उंच हाये, बोटभर झाली, पिवळीधमक. नायकानं स्वतः येऊन पाह्यली. म्हणे नेमाचं फळ हाये. आता मी काय नायकाले सांगू, का हे फोनवरल्या बाईचं हाये म्हणून?

अन् अंगाचं म्हणशीन तर आपल्या घरच्या बाया भरल्याच असतात. तू नव्हती काय? पोरं हसले तर हसले. मी तिले एक डाव इचारलं का तू भाकर कोणाले टाकते वो, तं ते म्हणे नाई बा, खातो ना. मह्या पोरीवर माहा भरोसा हाये.

तू शुक्रवारी ये, ढमोळीचा चुरमा खाय अन् डोकं थंड कर. मानी पण आठवण काढते.

प्रेमसिंग

ता. क. - काल विहिरीवर पोरगी जराशी खाली बसली होती. ऊन फार होतं. मी पाणी पाजलं, उठली. तिचा हात गार लागला. एवढ्या उन्हात गार कायले असन, ते काई समजलं नाई. तू आली का पाह्य.

---

लोहारा,
२५ ऑगस्ट २०२५

चि. जयास,
अनेक अनेक आशीर्वाद.

यवतमाळच्या दवाखान्यातून तुला घरी सोडून सहा दिवस झाले. रोज वहिनीला फोन करते. ती सांगते की पोरगी भाकर खाते पण बोलत नाही. मी तुला बोलायला लावणार नाही.

दादाचं पत्र मला सोळा तारखेला मिळालं. चौदाला तू विहिरीवर पडलीस, त्याच संध्याकाळी मी तुझ्या खाटेशी होते, आणि दोन दिवसांनी घरी आंघोळीला आले तर दारात ते पत्र. तुझा हात गार लागला असं दादाने लिहिलं आहे. मी ते पायरीवर बसून वाचलं आणि तिथेच रडले. मी शुक्रवारची वाट पाहिली, जया. ऑर्डर सोडून रविवारीच यायला हवं होतं.

मी शपथ मोडली, त्याची माफी मागत नाही. पुन्हा मोडेन. माफी मागते ती त्या शाब्बासची. तुझी कंबर बेचाळीस होती तेव्हा माझ्यासाठी तांडाभर टेप घेऊन फिरलीस, बायकांच्या शिव्या खाल्ल्यास, एक चूक केली नाहीस. तेव्हा मी कधी शाब्बास लिहिलं नाही. माझ्या वहीत तुझी सात वर्षांची पत्रं आहेत, काल सगळी काढली आणि प्रत्येकीला मी काय उत्तर दिलं ते आठवून पाहिलं. कुठेच नाही.

तुझं कापड मी कापलेलं नाही. घडी करून ठेवलं आहे, चाळीस आरसेही पुडीत आहेत. घाई नाही. एवढंच विचारते, आणि तेही सांगावंसं वाटलं तरच सांग : विहिरीवर काय झालं?

लिहिलंस तरी तुझी, नाही लिहिलंस तरी तुझीच,
लालीआत्या

---

॥ जय सेवालाल ॥

तांडा,
३१ ऑगस्ट २०२५

ती. लालीआत्यास,
जयाचा सा. न. वि. वि.

तुला पुन्हा लिहिणार नाही म्हटलं होतं. तूही शपथ मोडलीस, मीही मोडते. फिटलं.

दवाखान्यात तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा भिंतीकडे तोंड केलं. कारण सांगायची लाज वाटत होती. त्या सकाळी घागर डोक्यावर होती, मुली गात होत्या, आणि डोळ्यांसमोर काळं व्हायला लागलं. मला भीती वाटली नाही, आत्या. मला आनंद झाला. ग्रुपवर मुली लिहायच्या की चक्कर यायला लागली म्हणजे जमायला लागलं. मी पडले ती विहिरीच्या तोंडाला. माझा दंड काठावर आपटला म्हणून मी अलीकडे राहिले. मुलींनी सांगितलं की आणखी हातभर पुढे असते तर आत गेले असते.

दुसऱ्या दिवशी सलाईन लागलेलं असताना मी ग्रुपवर लिहिलं की मी पडले, दवाखान्यात आहे. सत्तावीस मुलींतल्या एकीनेही कुठे लागलं असं विचारलं नाही. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. ताईने लिहिलं की तू सगळ्यांच्या पुढे गेलीस, आता थांबू नकोस. ते वाचलं तेव्हा याडी माझ्या पायाशी बसून तळवे चोळत होती. तिला वाटत होतं की नेमात तिच्याच हातून काही चुकलं म्हणून देवाने मला पाडलं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की मह्यंच चुकलं, मह्यंच चुकलं, मले दिसलं काहून नाई. मला टाळ्यांची भीती वाटली. फोन उशीखाली ठेवला आणि तुझ्या हातून वरण प्यायले. तेव्हा तू म्हणालीस की शहाणी माझी. मी प्यायले त्याचं कारण हे होतं.

ग्रुप सोडला. दुसरं अकाउंट अजून आहे. चार वेळा बोट नेलं आणि मागे घेतलं. खोटं सांगणार नाही.

इंद्रजीतभाऊ माझी तीजेची टोपली मांडीवर घेऊन यवतमाळपर्यंत आला, ते तू पाहिलंस. भावाला तीज द्यायची असते, म्हणून मी झोपल्या झोपल्याच त्याच्या हातात दिली. तू औषधं आणायला गेलीस तेव्हा तो फोन काढून व्हिडिओ काढत बसला, म्हणजे पुसत बसला. पण हॉर्नवाला त्याच्याकडे नाही, तो राहणार. सोमवारी शाळेत गेले तर वाजला. मी जागेवर जाऊन बसले. मधल्या सुट्टीत रडले. मग डबा खाल्ला, सगळा.

नायकाने विचारलं की पोरीचा नेम पुरा झाला का, तर बा म्हणाले की नेम नव्हता तो, पोरगी उपाशी होती, आमाले समजलं नाई. सगळ्यांसमोर म्हणाले. मिशीला हात लावला नाही. मला ते मागच्या वेळेपेक्षा मोठे वाटले.

डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं दर पंधरा दिवसांनी दाखवायला नेतात. साखर जराशी वर आहे, वजन कमी करायचं आहे, पण खाऊन आणि चालून, आणि वर्ष-दोन वर्षं लागतील. आता याडी आणि मी सकाळी रस्त्यापर्यंत चालतो. तिला माझ्याआधी धाप लागते.

काल मी याडीला टेप धरायला लावला. मी धरला असता तर पुन्हा ओढला असता. तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून टेप जुळेल तिथे ती नखाने दाबून धरते आणि मला दाखवते. खांदा झाला, दंड झाला, छाती झाली. कंबरेशी आली आणि मी नकळत श्वास आत ओढला. याडीने टेप सोडला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की मी तुले रुपीबाईचं माप घेताना पाह्यलं हाये वो, चाल, गाणं म्हण.

आता कापड काप. खांदा साडेसोळा, दंड १५, छाती ४३. कंबर ४१, गाता गाता घेतलेली.

तुझी,
जया